पीटर गॅब्रिएल नेमका कधी बदलला?

सिनॉप्सिस लिहायला बसलं की एक वाक्य हातून हमखास लिहिलं जातं: 'अमुक सालानंतर या क्षेत्रात मोठा बदल झाला.' गाईड त्या वाक्याखाली रेघ मारतात आणि समासात एकच शब्द लिहितात, 'कशावरून?' या 'कशावरून'वर बरेच दिवस लिहायचं होतं. उदाहरण मात्र माझ्या विषयातलं, म्हणजे वनस्पतिशास्त्रातलं, घेत नाहीये. संगीताच्या इतिहासातलं घेतेय. एक तर पीसीआर चालू असताना रात्री लॅबमध्ये मी हेच ऐकत बसते. आणि दुसरं म्हणजे इथले पुरावे, म्हणजे ध्वनिमुद्रिका आणि त्यांची कव्हरं, कुणालाही तपासता येतात. त्यासाठी ग्रँट लागत नाही.

उदाहरण आहे पीटर गॅब्रिएलचं. जन्म १९५०, इंग्लंड. चार्टरहाऊस नावाच्या श्रीमंती शाळेतल्या मुलांनी १९६७ मध्ये 'जेनेसिस' हा बँड काढला, त्याचा हा गायक. जेनेसिस वाजवायचे तो प्रोग्रेसिव्ह रॉक. ज्यांनी ऐकला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: तीन मिनिटांच्या प्रेमगीताऐवजी वीस-पंचवीस मिनिटांची रचना, मध्येच बदलणारे ताल, युरोपीय शास्त्रीय संगीताचा मोठा प्रभाव आणि शब्दांत पुराणकथा, परीकथा, विज्ञानकथा. गॅब्रिएल स्टेजवर बायकोचा लाल झगा आणि कोल्ह्याचं मुंडकं घालून आला होता, असला सगळा प्रकार. १९७४ मध्ये 'द लॅम्ब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे' हा दुहेरी अल्बम आला आणि १९७५ मध्ये त्याने बँड सोडला.

पुढची गोष्ट साधारण अशी सांगतात: बँड सोडला, एकटा गायला लागला, मग आफ्रिकन संगीताचा शोध लागला आणि माणूस बदलला. जणू वाल्याचा वाल्मीकी. ही मांडणी वाचायला छान वाटते, पण 'कशावरून?' विचारलं की डळमळायला लागते. बदल म्हणजे नेमकं काय बदललं? आवाज? वाद्यं? की तो ज्यांच्याकडून घेत होता त्या माणसांशी असलेलं नातं? तुम्ही काय मोजता यावर उत्तराचं साल बदलतं, आणि थोडंथोडकं नाही, नऊ वर्षांनी.

सुरुवात जरा मागून करू. सत्तरीतल्या प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये मेलोट्रॉन नावाचं एक वाद्य सर्रास असायचं. बर्मिंगहॅममध्ये बनायचं. दिसायला पेटीसारखं, पण प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय टेपचा एक तुकडा. पट्टी दाबली की त्या टेपवर आधी मुद्रित केलेला व्हायोलिनचा, बासरीचा किंवा कोरसचा तो स्वर साधारण आठ सेकंद वाजतो, आणि टेप संपली की गप्प. जेनेसिसच्या १९७२ च्या 'फॉक्सट्रॉट' अल्बमची सुरुवातच मेलोट्रॉनच्या भरघोस स्वरांनी होते. वाजवणारा टोनी बँक्स. पण त्या टेपवर मूळ व्हायोलिन वाजवणारे कोण? त्यांची नावं जेनेसिसच्या कव्हरवर नाहीत, आणि तेव्हा कुणाला त्यात काही खटकायचं कारणही नव्हतं. वाद्य विकत घेतलं, त्यात आवाज होता, विषय संपला. दुसऱ्याचा मुद्रित स्वर बिननावाने वापरायची ही सवय गॅब्रिएलकडे आफ्रिका ऐकण्याच्या आधीपासून होती, एवढं लक्षात ठेवा.

आता १९८०. गॅब्रिएलच्या पहिल्या चारही एकल अल्बमना त्याने एकच नाव दिलं, 'पीटर गॅब्रिएल'. सूची करणाऱ्यांचे काय हाल झाले असतील! त्यातला तिसरा या साली आला. मुद्रणाच्या वेळी त्याने ड्रमर्सना, फिल कॉलिन्स आणि जेरी मारोटा यांना, एक अट घातली: झांजा वाजवायच्या नाहीत. ड्रमसेटवरच्या त्या पितळी थाळ्या रॉकमध्ये सतत खणखणत असतात आणि वरच्या पट्टीतली सगळी जागा खाऊन टाकतात. त्या काढल्या की खालची चामडी वाद्यं उघडी पडतात. आपल्या भाषेत सांगायचं तर एक व्हेरिएबल काढून टाकून बाकीच्यांचं काय होतं ते बघणं. ड्रमरचे हात सवयीने झांजेकडे जातात आणि तिथे काहीच नसतं, मग त्याला नवीन काहीतरी करावंच लागतं. जोडीला गाणी रचायची रीतही बदलली होती. आधी सुरावट आणि मग ताल असं न करता त्याने रिदम-बॉक्सवर ताल लावून त्यावर गाणं बांधायला सुरुवात केली.

याच अल्बमचं शेवटचं गाणं 'बिको'. स्टीव्ह बिको हा दक्षिण आफ्रिकेतला वर्णभेदविरोधी नेता, १२ सप्टेंबर १९७७ रोजी पोलिसांच्या ताब्यात असताना मरण पावला. गाण्याच्या सुरुवातीला आणि शेवटी बिकोच्या अंत्यविधीच्या वेळी लोकांनी म्हटलेल्या गाण्यांची ध्वनिमुद्रणं जोडली आहेत. मध्ये सुर्दो हा ब्राझीलचा मोठा ढोल आणि सिंथेसायझरवर काढलेला स्कॉटिश बॅगपाइपचा आवाज. नुसतं ऐकलं तर 'इथेच बदलला' असं कुणीही म्हणेल.

पण कव्हर उलटून वाजवणाऱ्यांची नावं वाचा. सुर्दो वाजवलाय फिल कॉलिन्सने. बाकीचे सगळे इंग्लंड-अमेरिकेतले रॉक आणि जॅझवाले. दक्षिण आफ्रिकेबद्दलच्या गाण्यात दक्षिण आफ्रिकेची माणसं आहेत ती फक्त टेपवर, जमाव म्हणून. मी याला ढोंग म्हणत नाहीये. वर्णभेदाविरुद्ध पाश्चात्त्य देशांत मत तयार करण्यात या गाण्याचा वाटा होता, हे मान्यच आहे. माझं म्हणणं इतकंच, की १९८० मध्ये त्याचा आवाज बदलला होता, काम करायची रचना बदलली नव्हती. मेलोट्रॉनची पट्टी आता जरा दूरच्या देशातली होती.

आफ्रिकन संगीत त्याच्या कानावर पडलं कसं? याचं उत्तर त्याने स्वतःच मुलाखतींत दिलंय. रेडिओवर नेहमीचं स्टेशन लागेना, त्या जागी एक डच स्टेशन लागलं, आणि त्यावर 'डिंगाका' या १९६० च्या दशकातल्या दक्षिण आफ्रिकी सिनेमाचं संगीत चालू होतं. ('द गॉड्स मस्ट बी क्रेझी' आठवतो? त्याच दिग्दर्शकाचा.) गोष्ट मजेदार आहे, खरीही असेल. पण अशी आठवण म्हणजे पुरावा असला तरी तो नंतर सांगितलेला, सांगून सांगून गुळगुळीत झालेला पुरावा. तोंडी इतिहासावर काम करणार असाल तर हे पक्कं धरून चाला: माणूस आपल्या आयुष्यातल्या बदलाला नेहमी एक क्षण शोधून देतो. कागद मात्र सहसा क्षण दाखवत नाही, उतार दाखवतो.

तसं बघितलं तर या गोष्टीत रेडिओइतकंच वजन नकाशाला द्यायला हवं. गॅब्रिएल तेव्हा बाथ शहराजवळ राहायचा. जवळच ब्रिस्टल हे जुनं बंदर, कॅरिबियन वंशाच्या लोकांची मोठी वस्ती असलेलं. १९८२ च्या चौथ्या अल्बममध्ये 'द रिदम ऑफ द हीट' हे गाणं आहे. कार्ल युंग हा मानसशास्त्रज्ञ आफ्रिकेत ढोलांच्या नाचाने हादरून गेला होता, त्या अनुभवावरचं. त्याच्या शेवटी घानाचे ढोल अंगावर येतात. ते वाजवलेत 'एकोमे डान्स कंपनी'ने, आणि ही कंपनी ब्रिस्टलची. म्हणजे 'दूरची आफ्रिका' तासाभराच्या अंतरावर होती. या वेळी ढोलवाले टेपवर नाही, प्रत्यक्ष हजर होते, आणि त्यांचं नाव कव्हरवर आहे. माझ्या मते हा बिंदू 'बिको'पेक्षा महत्त्वाचा, पण त्याच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. कदाचित ब्रिस्टल पुरेसं दूर नाही म्हणून.

त्याच अल्बममध्ये उलट दिशेनेही एक पाऊल आहे. फेअरलाइट नावाचं ऑस्ट्रेलियन संगणकी वाद्य गॅब्रिएलने इंग्लंडमध्ये अगदी पहिल्यांदा घेतलं, इतकंच नाही तर चुलतभावाबरोबर ते आयात करणारी कंपनीही काढली. फेअरलाइट म्हणजे मेलोट्रॉनचा डिजिटल नातू: कुठलाही आवाज भरा आणि पट्टीवर वाजवा. गॅब्रिएल भंगारात जाऊन पाइप आणि काचा फोडून आवाज गोळा करत होता. एकाच माणसाच्या, एकाच वर्षाच्या कामात हे दोन्ही सापडतं: माणूस बोलावून घेणं आणि आवाज उचलून घेणं. तुमच्या डेटामध्ये असे एकमेकांविरुद्ध जाणारे नमुने निघाले तर घाबरू नका, आणि त्यातला एक गुपचूप वगळूही नका.

त्या वर्षी आणखी एक गोष्ट झाली, जिने त्याला चांगलंच जमिनीवर आणलं. ब्रिस्टलमधल्या एका नियतकालिकाशी जोडलेले टॉमस ब्रूमन आणि त्यांचे मित्र यांच्यासोबत गॅब्रिएलने १९८० पासून एका महोत्सवाची जुळवाजुळव चालवली होती. नाव 'वर्ल्ड ऑफ म्युझिक, आर्ट्स अँड डान्स', संक्षेपाने 'वोमॅड'. पहिला महोत्सव १६ ते १८ जुलै १९८२ ला सॉमरसेटमध्ये, शेप्टन मॅलेट गावाजवळच्या शेतकी प्रदर्शनाच्या मैदानावर भरला. बुरुंडीचे ढोलवादक होते, आयर्लंडचे 'चीफटन्स' होते, 'सिंपल माइंड्स' आणि 'इको अँड द बनीमेन' हे तरुणांचे बँड होते. कल्पना अशी की पोरं बनीमेनसाठी येतील आणि बुरुंडी ऐकून जातील. कार्यक्रम गाजला आणि हिशेब बुडाला. लोक कमी आले, त्यात नेमका रेल्वेचालकांचा संप. कर्ज प्रचंड. देणेकऱ्यांना माहीत असलेलं नाव एकच होतं, त्यामुळे सगळे गॅब्रिएलच्या दारात.

मदतीला कोण आलं? जेनेसिस. सात वर्षांपूर्वी सोडलेला बँड. २ ऑक्टोबर १९८२ ला मिल्टन कीन्सला भर पावसात जुनी मंडळी एकत्र आली. गॅब्रिएलला शवपेटीतून स्टेजवर आणलं आणि त्याने जुनी गाणी गायली. 'प्रोग्रेसिव्ह रॉक सोडून लोकसंगीताकडे गेला' असं आपण म्हणतो, पण लोकसंगीताच्या महोत्सवाचं कर्ज फिटलं ते प्रोग्रेसिव्ह रॉकच्या तिकिटांवर. 'सोडून' हा शब्द त्यामुळे मला पटत नाही.

१९८६ चा 'सो' हा त्याचा सगळ्यात खपलेला अल्बम. 'स्लेजहॅमर' हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि त्याने खाली कुणाला ढकललं? जेनेसिसच्याच 'इनव्हिजिबल टच'ला. असो. 'स्लेजहॅमर'च्या सुरुवातीला एक बासरी ऐकू येते, जपानी शाकुहाची. ती इम्युलेटर नावाच्या सँपलिंग यंत्रासोबत कंपनीनेच दिलेल्या आवाजांमधली आहे. म्हणजे पुन्हा मेलोट्रॉन, पुन्हा बिननावाचा वादक. आणि त्याच अल्बममधल्या 'इन युअर आइज'च्या शेवटी सेनेगलचा युसू एन्दूर स्वतःच्या वोलोफ भाषेत, स्वतःच्या नावाने गातो.

दरम्यान बाजारही सरकत होता. लंडनच्या एका पबमध्ये जून १९८७ मध्ये काही छोट्या रेकॉर्ड कंपन्यांचे लोक जमले. त्यांची अडचण अगदी दुकानदारी होती: मालीचा गायक, बल्गेरियाचा कोरस, पाकिस्तानचा कव्वाल यांच्या रेकॉर्डी दुकानात कुठल्या खणात ठेवायच्या? खणावर लावायला त्यांनी पाटी ठरवली, 'वर्ल्ड म्युझिक'. हा शब्द अमेरिकी विद्यापीठांत साठच्या दशकापासून होता, पण संगीतप्रकार म्हणून त्याचा जन्म खणावरच्या पाटीत झाला. 'वर्ल्ड म्युझिकचा प्रभाव' असं शीर्षक देणाऱ्यांनी हे विसरू नये. फैसलाबादची कव्वाली आणि आर्मेनियाचा डुडुक यांच्यात साम्य असेल तर एवढंच, की दोन्ही त्या दुकानाला परके होते.

आणि आता १९८९. मार्टिन स्कॉर्सेसीच्या 'द लास्ट टेम्प्टेशन ऑफ क्राइस्ट' या १९८८ च्या सिनेमाला गॅब्रिएलने संगीत दिलं. सिनेमा लागून गेला तरी तो त्या संगीतावर काम करत राहिला आणि जून १९८९ मध्ये 'पॅशन' हा अल्बम आला, 'रिअल वर्ल्ड' या त्याच्या नव्या लेबलचा पहिलाच. यादी वाचा: नुसरत फतेह अली खाँसाहेबांचा आवाज. एल. शंकर यांचं दुहेरी व्हायोलिन (हे 'शक्ती'मधले, आपल्या मुंबईच्या झाकीर हुसेन यांच्या बरोबरीने वाजवणारे). तुर्कस्तानचे कुद्सी एर्गुनर यांची नेय. इजिप्तचे होसाम रम्झी तालावर. सेनेगलचे युसू एन्दूर आणि बाबा माल. आर्मेनियन डुडुकवर वाचे हुसेपियन आणि अंत्रानिक अस्कारियन. १९८० च्या यादीशेजारी ही यादी ठेवली की बदल डोळ्यांना दिसतो.

पण माझ्या दृष्टीने खरी गोष्ट त्याच वर्षी आलेली दुसरी मुद्रिका आहे, 'पॅशन – सोर्सेस'. हिच्यात गॅब्रिएल गात नाही, वाजवत नाही. 'पॅशन' करताना त्याने जे ऐकलं, ज्यातून घेतलं, ते पाकिस्तान, आर्मेनिया, इजिप्त, गिनी, मोरोक्को, इथिओपिया, सेनेगल वगैरे ठिकाणचं मूळ संगीत कलाकारांच्या नावांसह वेगळं छापून विकायला ठेवलं.

आपल्या धंद्यात याला काय म्हणतात? पेपरबरोबर रॉ डेटा खुला करणं. माझ्या निष्कर्षावर विश्वास ठेवू नका, हा घ्या डेटा, तुम्हीच तुलना करा. आणि ही तुलना बनवणाऱ्याला महागात पडू शकते. 'सोर्सेस' आधी ऐकून मग 'पॅशन' ऐकलं तर काही ठिकाणी मूळच जास्त ताकदीचं वाटतं. निदान मला वाटलं. हा धोका त्याने पत्करला, म्हणून मी बदलाचं साल १९८९ धरते.

याला आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहीत. टिमथी टेलर या अमेरिकी संगीतअभ्यासकाच्या १९९७ च्या 'ग्लोबल पॉप' या पुस्तकात गॅब्रिएलची चिकित्सा आहे, ती मुळातून वाचावी. माझा आक्षेप साधा आहे. 'पॅशन'च्या पुठ्ठ्यावर पुढे एकच नाव आहे. बहुतेक रचनांखाली रचनाकार म्हणून गॅब्रिएल आहे, जरी तिथला एखादा आलाप गाणाऱ्याने तिथल्या तिथे रचलेला असला तरी. कायद्यानुसार सुरावट 'रचणारा' आणि ती 'वाजवणारा' हे वेगळे, आणि पुढची कमाई पहिल्याकडे जास्त जाते. कव्वाली किंवा डुडुकच्या परंपरेत ही रेघ इतकी सरळ मारता येत नाही. नाव देणं आणि वाटा देणं या दोन गोष्टी आहेत, आणि कव्हर आपल्याला फक्त पहिली दाखवतं. करारनामे हाती लागल्याशिवाय दुसरीबद्दल लिहू नये.

तरीही नुसतं नाव देणं किती मोठी गोष्ट होती, हे तीन वर्षांनी कळलं. १९९२ मध्ये 'डीप फॉरेस्ट' या फ्रेंच जोडीचं 'स्वीट ललबाय' जगभर गाजलं. त्यातला आवाज सॉलोमन बेटांवरच्या अफुनाक्वा या बाईंचा. ह्यूगो झेम्प या अभ्यासकाने १९७० च्या सुमारास त्यांची अंगाई मुद्रित केली होती. संशोधनासाठी केलेलं मुद्रण नृत्यगीतात गेलं, तेही झेम्प यांचा विरोध असताना, आणि ऐकणाऱ्या लाखोंना त्या बाईंचं नाव माहीत नव्हतं. स्टीव्हन फेल्ड यांनी २००० मध्ये यावर लेख लिहिला. फील्डवर्कला निघण्याआधी तो वाचाच. तुमच्या रेकॉर्डरमधली फाइल तुमच्या हातून निसटल्यावर कुठे जाऊ शकते, ते त्यात आहे.

हे सगळं मला इतकं का लागतं, ते सांगते. आमच्याकडे हर्बेरियम शीट असते: वाळवलेली वनस्पती, आणि कोपऱ्यात लेबल. लेबलावर गोळा करणाऱ्याचं नाव, क्रमांक, तारीख, ठिकाण. ज्या माणसाने डोंगरात नेऊन 'ही बघा, हिला आम्ही अमुक म्हणतो, पोटदुखीवर देतो' असं सांगितलं त्याच्यासाठी लेबलावर रकाना नाही. आपल्याकडे २००२ चा जैवविविधता कायदा आहे, २०१० चा नागोया करार आहे, लाभातल्या वाट्याची भाषा त्यांत आहे. रकाना मात्र अजून आपला आपणच आखावा लागतो. मी शेरा लिहायच्या जागेत नाव लिहिते, त्या माणसाला विचारून. रिव्ह्यूअरने अजून तरी काढायला लावलेलं नाही.

कुणाला यातून छोटा प्रोजेक्ट करायचा असेल तर विषय सुचवते. 'रिअल वर्ल्ड'नेच १९८९ मध्ये 'शहेनशाह' हा पूर्ण कव्वालीचा अल्बम काढला. खाँसाहेब त्याआधी १९८५ मध्ये मर्सी बेटावरच्या वोमॅडमध्ये गायले होते, तिथून इंग्लंडमधल्या नव्या श्रोत्यांशी त्यांची ओळख झाली. 'शहेनशाह'वर कलाकार म्हणून नाव आहे 'नुसरत फतेह अली खान कव्वाल अँड पार्टी'. या पार्टीत पेटीवर त्यांचे धाकटे भाऊ फर्रुख फतेह अली खान असत, तबल्यावर दिलदार हुसेन. टाळ्या वाजवत मागे गाणारे बाकीचे कोण, कुठल्या मैफलीत कोण होतं, त्यांची नावं कुठल्या मुद्रिकेवर आली आणि कुठल्यावर 'पार्टी'तच राहिली, याचा एक तक्ता कुणीतरी करायला हवा.